तहकुबीची वर्षं

वर्षातून एकदा एक पत्र येतं. आत दोन-तीन पानं, वरच्या कोपऱ्यात 'सीपी ७१' आणि त्यापुढे एखादं अक्षर. त्यात अमेरिकेच्या कर खात्याकडे, म्हणजे आयआरएसकडे, थकलेल्या कराचा आकडा असतो आणि तो गेल्या वर्षीपेक्षा मोठा असतो. मग मला फोन येतो : "ताई, आयआरएसनं आमचं प्रकरण बंद केलं होतं ना? मग हे काय?"

प्रकरण बंद झालेलं नसतं, तहकूब झालेलं असतं. गोंधळ होतो तो त्यांच्याच भाषेमुळे. वसुली थांबवल्याचं कळवणाऱ्या पत्रात 'केस क्लोज्ड' असे शब्द येऊ शकतात, आणि माणूस तेवढेच दोन शब्द वाचून सुटकेचा श्वास सोडतो. त्याच्या शेजारी 'करंटली नॉट कलेक्टिबल' असंही लिहिलेलं असतं. याचं मराठी 'सध्या वसूल होण्याजोगं नाही'. या वाक्यातला महत्त्वाचा शब्द 'सध्या' हा आहे.

आपल्याकडे दुष्काळ जाहीर झाला की शासनाच्या आदेशात सवलतींची यादी येते. त्यात जमीन महसुलात सूट असते आणि शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती असते. सूट मिळाली ती रक्कम गेली. स्थगिती मिळाली त्या कर्जासाठी कुणी दारात येणार नाही, पण सोसायटीच्या वहीत नाव तसंच राहतं. जुन्या कागदांत यालाच सारा माफ आणि सारा तहकूब म्हणत. शेतकऱ्याला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. न्यू जर्सीत पंधरा वर्षं आयटीत काढलेल्या माणसाला मात्र सांगावा लागतो, कारण थकबाकीदारांच्या रांगेत आपण कधी उभे राहू असं त्याला वाटलेलंच नसतं.

ती रांग वाटते तितकी लांबची नाही. कंपनीनं पगाराबरोबर शेअर दिले. ते हातात आले त्या दिवशी कंपनीनं २२ टक्के कर कापला, पण तुमचा खरा दर ३२ किंवा ३५ टक्क्यांचा होता. शेअर तुम्ही ठेवून दिले, बाजार कोसळला, एप्रिलमध्ये फरक भरायची वेळ आली तेव्हा ते निम्म्यावर आलेले. किंवा नोकरी गेली, घरहप्त्यासाठी ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यातले पैसे काढले. त्यातून २० टक्के कापले गेले म्हणून वाटलं, कर भरून झाला. पण ती सगळी रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली गेली आणि वय साडेएकोणसाठच्या आत असल्यानं वर १० टक्के जादा कर बसला. कुणी पगारदार होता तो कंत्राटावर गेला आणि दर तिमाहीला आपणहून कर भरायचा असतो हे वर्षअखेर कळलं. कुणाच्या पुण्याच्या बँकेतल्या एनआरई ठेवी निघाल्या. त्यावरचं व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत नाही. यातलं एकही काम लबाडीचं नाही. तरीही तीस-चाळीस हजार डॉलरचं बिल तयार होतं, आणि नेमकं अशा वर्षी येतं जेव्हा घरात कुणीतरी आजारी असतं किंवा बेकार असतं.

अशा वेळी पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकण्याचा मोह फार मोठा असतो. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. पहिलं पत्र नुसतं बिल असतं. मग स्मरणपत्रं येतात, प्रत्येकाचा सूर आधीच्यापेक्षा कडक. शेवटी 'एलटी ११' किंवा 'लेटर १०५८' येतं : जप्तीची अंतिम सूचना. त्यावरच्या तारखेपासून ३० दिवसांत फॉर्म १२१५३ भरून सुनावणी मागता येते, आणि ती मागितली की सहसा जप्ती थांबते. हे ३० दिवस ड्रॉवरमध्ये गेले तर पगारातून कापणी सुरू होऊ शकते आणि ती सोडवून घेईपर्यंत दर पगाराला चालू राहते. बँक खात्यावर जप्ती आली तर बँक त्या दिवशीची शिल्लक २१ दिवस धरून ठेवते, मगच पाठवते. ते २१ दिवस तुमच्यासाठी आहेत. जप्तीमुळे घरभाडं, औषधं, जेवण यांचे वांधे होत असतील तर ती सोडली पाहिजे, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. २००९ मध्ये टॅक्स कोर्टासमोर अशा एका बाईचं प्रकरण आलं जिचा महिन्याचा खर्च कमाईइतकाच होता आणि मालमत्ता म्हणजे एक जुनाट कोरोला गाडी. काही वर्षांची विवरणपत्रं तिनं भरलेली नव्हती, एवढ्यावरून आयआरएसला जप्ती पुढे रेटायची होती. कोर्टानं सांगितलं की हलाखी सिद्ध असताना हे कारण चालणार नाही. तरी याच्या भरवशावर राहू नका. वसुली थांबवून हवी असेल तर आधी राहिलेली सगळी विवरणपत्रं भरा. फोनवरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो.

आता तहकुबीत नेमकं काय थांबतं आणि काय चालू राहतं ते बघू. हे ज्याला समजलं त्याला पुढचं सगळं समजेल.

थांबते ती जप्ती. पगाराला हात लागत नाही, बँक खात्याला हात लागत नाही, आणि दर महिन्याला काही भरायचं बंधन नसतं. चालू राहतं ते व्याज आणि दंड. व्याजाचा दर तिमाहीला ठरतो. २०२४ मध्ये तो ८ टक्के होता, २०२५ मध्ये ७ टक्के, आणि चक्रवाढ रोजची. शिवाय कर वेळेत न भरल्याचा दंड महिन्याला अर्धा टक्का. जप्तीची सूचना येऊन गेल्यावर तो एक टक्का होऊ शकतो, पण एकूण २५ टक्क्यांवर जात नाही. समजा, मूळ कर ३०,००० डॉलर आहे. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज सुमारे २,१७५ डॉलर, अर्ध्या टक्क्यानं दंड १,८००. म्हणजे पहिल्या वर्षात कर्ज चार हजारांच्या आसपास वाढलं. सीपी ७१मधला मोठा झालेला आकडा हा असा येतो. कुणी चिडून वाढवलेला नसतो.

पण दुसऱ्या बाजूला एक घड्याळ उलटं चालत असतं. कर ज्या दिवशी आयआरएसच्या वहीत नोंदला गेला, म्हणजे 'असेस' झाला, त्या दिवसापासून वसुलीला १० वर्षांची मुदत असते. तहकुबीच्या काळातही ही मुदत संपत जाते. जून २०१९ मध्ये नोंदलेल्या कराची वसुली साधारण जून २०२९ नंतर करता येत नाही, मधली सहा वर्षं तहकुबीत गेली असली तरी. या शेवटच्या दिवसाला तिथे 'सीएसईडी' म्हणतात. प्रत्येक वर्षाच्या कराची मुदत वेगळी. मागाहून तपासणीत वाढवलेल्या कराची आणखी वेगळी. आणि विवरणपत्र भरलंच नसेल, कर नोंदलाच गेला नसेल, तर घड्याळ सुरूच झालेलं नसतं. 'भरलं नाही म्हणजे त्यांना कळलं नाही' असं मानून दहा-बारा वर्षं बसलेली माणसं असतात. त्यांच्या मुदतीतला एक दिवसही कमी झालेला नसतो.

एक आकडा वाढतो आहे आणि एक आकडा घटतो आहे, आणि तुमचा निर्णय या दोहोंच्या शर्यतीकडे बघून घ्यायचा असतो. वय बासष्ट, तब्येत खालावलेली, पुढे सोशल सिक्युरिटीशिवाय उत्पन्न नाही आणि मुदतीची चार वर्षं उरली आहेत, अशा माणसानं वाढत्या आकड्याकडे बघून झोप उडवून घेऊ नये. पस्तिशीतल्या, सहा महिन्यांत पुन्हा नोकरी लागेल अशा माणसाला मात्र तहकुबी म्हणजे थोडी उसंत, तेवढंच. त्याच्यासाठी पुढे हप्त्यांचा करार हाच खरा मार्ग. एकूण देणं ५०,००० डॉलरच्या आत असेल तर तो ऑनलाइनही मिळू शकतो.

हे घड्याळ काही गोष्टींनी थांबतं. तडजोडीचा, म्हणजे कमी रकमेवर मिटवण्याचा, अर्ज केला तर तो विचाराधीन असेपर्यंत, आणि नाकारला तर वर ३० दिवस. दिवाळखोरीत गेलात तर तेवढा काळ, वर सहा महिने. वर सांगितलेली सुनावणी मागितली तरी थांबतं. रात्री टीव्हीवर 'डॉलरमागे काही पैसे भरून मोकळे व्हा' अशी जाहिरात करणाऱ्यांच्या नादानं जो तो तडजोडीचा अर्ज करतो, तेव्हा हे कुणी सांगत नाही. तडजोड काही जणांसाठी उत्तम आहे. पण ज्यांची मुदत संपत आली आहे त्यांनी केवळ आशेपोटी अर्ज करणं म्हणजे गाडी स्टेशनात शिरत असताना साखळी ओढण्यासारखं आहे. अर्जाचं शुल्क २०५ डॉलर असतं, कमी उत्पन्नवाल्यांना तेही माफ. एवढ्या कामासाठी काही कंपन्या हजारो डॉलर घेतात.

घड्याळ थांबवणारी आणखी एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी आहे. तुम्ही सलग सहा महिने किंवा अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिलात तर तेवढा काळ मुदत थांबते. आईची शुश्रूषा करायला दोन वर्षं साताऱ्याला राहिलात, तर ती दोन वर्षं मुदतीला जोडली जातात. परत आल्यावरही आयआरएसला किमान सहा महिने मिळतात. 'कायमचे पुण्याला जाऊ, दहा वर्षांनी सगळं आपोआप मिटेल' हा सल्ला दिवाळीच्या फराळाबरोबर फुकट मिळतो. तो चुकीचा आहे.

आता अर्जाचं. यासाठी वेगळा असा 'सीएनसीचा', म्हणजे 'करंटली नॉट कलेक्टिबल'चा, अर्ज नसतो. नोटिशीवरच्या क्रमांकावर फोन करायचा, वेळ लागतो म्हणून चहा जवळ ठेवायचा, आणि सांगायचं की अत्यावश्यक खर्च भागवल्यावर कर भरायला काही उरत नाही, म्हणून हलाखीच्या कारणावरून वसुली थांबवावी. मग ते तुमची आर्थिक माहिती मागतात. बहुतेक वेळा ती ४३३-एफ या फॉर्मच्या चौकटीत मागतात; प्रकरण प्रत्यक्ष वसुली अधिकाऱ्याकडे गेलं असेल तर लांबलचक ४३३-ए. फोन करण्याआधी हा फॉर्म कोऱ्या कागदावर स्वतः भरून बघा. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट्स, भाड्याचा करार, विम्याचे हप्ते, औषधांची बिलं, सगळं समोर ठेवा. फॉर्मखाली सही करताना तुम्ही शपथेवर बोलत असता.

इथे मराठी घरांची खरी अडचण सुरू होते, म्हणून जरा थांबते.

पहिली अडचण खर्चाची. खर्च किती धरायचा हे आयआरएसच्या कोष्टकांवरून ठरतं. अन्न, कपडे, किरकोळ घरखर्च यांसाठी देशभर एकच कोष्टक, घरभाडं आणि वीज-पाणी यांचं कोष्टक तुमच्या काउंटीप्रमाणे, गाडीचं वेगळं. तुमचा खर्च जास्त असेल आणि तो अत्यावश्यक असल्याचा कागद असेल तर वाद घालता येतो. मुलाची भारी फी असलेली खासगी शाळा, क्रेडिट कार्डांचे हप्ते, देणग्या, ४०१(के)मध्ये स्वेच्छेनं टाकलेले पैसे हे खर्च सहसा धरत नाहीत. आणि धरत नाहीत अशी एक गोष्ट फार टोचते. महिन्याला आईवडिलांना पाठवलेले पैसे.

आपल्याला तो खर्च वाटतच नाही, भाड्यासारखं कर्तव्य वाटतं. पण भारतात राहणारे आईवडील अमेरिकेच्या कायद्यानं तुमचे 'डिपेंडंट' होत नाहीत. डिपेंडंट हा अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी असावा लागतो, फार तर कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी. तुम्ही तीनशे डॉलर साताऱ्याला पाठवता हे बँकेच्या स्टेटमेंटवर त्यांना दिसतंच, आणि ते तुमच्या 'उरलेल्या' पैशांत धरले जातात. वडिलांचं डायलिसिस चालू असेल तर रुग्णालयाच्या बिलांसकट लेखी मांडा. ऐकतीलच याची खात्री देत नाही, पण न मांडता गेलात तर ऐकायला काहीच नसतं. काही जण यावर उपाय म्हणून पैसे भावाच्या खात्यातून फिरवतात. तो उपाय नव्हे, ती भर आहे. साध्या थकबाकीचं रूपांतर लपवाछपवीत करणारी.

दुसरी अडचण मालमत्तेची. फॉर्ममध्ये परदेशातली खातीही येतात आणि जमीनजुमलाही. "पण ते माझं नाहीच, वडिलोपार्जित आहे, सातबारावर आम्हा पाचही जणांचं नाव आहे" असं म्हणून तो रकाना कोरा ठेवू नका. सामाईक हिस्सा आहे, वाटप झालेलं नाही, चुलत्यांची वहिवाट आहे, विकायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतील, असं सगळं लिहा. अशा हिश्श्यातून पैसा उभा करणं अवघड असतं हे समजावून सांगता येतं. लपवलेलं समजावून सांगता येत नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात जुलै २०१५ मध्ये 'फॅटका'चा करार झाला. तेव्हापासून अमेरिकेच्या करदात्यांच्या भारतातल्या खात्यांची माहिती तिकडे जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण सोयरिकीच्या बैठकीत खरी असेल, या फॉर्मपुढे नाही.

पुण्यात मोकळा फ्लॅट असेल तर प्रश्न येणारच : विकत का नाही? ४०१(के)त शिल्लक असेल तर : कर्ज का काढत नाही? उत्तर तयार ठेवा. कधी उत्तर नसतं. मग तहकुबी मिळणार नाही, आणि ते अन्यायाचंही नाही.

तिसरी अडचण नवराबायकोची. संयुक्त विवरणपत्रावर दोघांच्या सह्या असतात, आणि कर्ज अर्धं-अर्धं होत नाही. दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण वसूल करता येतं. घटस्फोट झाला, कोर्टानं 'कर नवऱ्यानं भरावा' असं लिहून दिलं, तरी आयआरएस त्या कागदाला बांधलेली नाही. एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, एक दिवसही न कमावलेल्या बायका दर एप्रिलमध्ये नवऱ्यानं दाखवलेल्या जागी सही करतात. मीही माझ्या पहिल्या वर्षी तशीच केली होती, भाजीला फोडणी घालता घालता. नवऱ्यानं उत्पन्न लपवलं आणि बायकोला त्याचा पत्ता नव्हता, अशा वेळी फॉर्म ८८५७नं 'इनोसंट स्पाउज' म्हणून सुटका मागता येते. कर्ज लग्नाआधीचं, फक्त एकाचं असेल आणि संयुक्त परतावा त्यात वळता झाला असेल, तर दुसऱ्यानं आपला वाटा मागायचा फॉर्म वेगळा, ८३७९. दोन्ही फॉर्म सारखे वाटतात आणि नेहमी उलटसुलट भरले जातात. कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टन इथे नवराबायकोची कमाई सामाईक धरतात. तिथे वेगवेगळी विवरणपत्रं भरूनही दुसऱ्याचा पगार पूर्ण सुरक्षित होतोच असं नाही.

तहकुबी मिळाल्यावर काय होतं ते पटकन सांगते. परतावा निघाला तर तो जुन्या कर्जात वळता होतो. म्हणून पगारातून गरजेपेक्षा जास्त कर कापू देऊ नका. पण इतका कमीही नको की एप्रिलमध्ये नवं देणं उभं राहील. नवं देणं उभं राहिलं की तहकुबीच अडचणीत येते. देणं १०,००० डॉलर किंवा अधिक असेल तर ते सहसा बोजा नोंदवतात, 'लीन'. आपल्याकडे सातबाराच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा चढतो, तसाच. घर विकायला किंवा नवं कर्ज काढायला तो आडवा येतो. तीनही क्रेडिट संस्थांनी करांचे बोजे आपल्या अहवालातून २०१८ मध्ये काढून टाकले, पण बोजा सरकारी दप्तरात असतोच आणि घरकर्ज देणारा तो बघतो.

पासपोर्टची भीती अनेकांना असते. २०१५ च्या कायद्यानं मोठ्या थकबाकीदारांचा अमेरिकी पासपोर्ट रोखता येतो. २०२५ मध्ये ही मर्यादा ६४,००० डॉलर होती. पण हलाखीमुळे तहकूब झालेलं देणं आयआरएस यातून वगळते. आई आजारी असताना मुंबईची विमानतिकिटं काढणाऱ्यासाठी ही गोष्ट लाखमोलाची आहे. नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्यांनी मात्र जपून राहावं. एन-४०० फॉर्ममध्ये थकलेल्या कराविषयी थेट प्रश्न असतो. 'नाही' लिहू नका. खरं लिहा, तहकुबीचं पत्र जोडा, आणि त्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

राज्याचा कर वेगळा. आयआरएसनं थांबवलं म्हणून न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया थांबत नाही. तिथे वेगळा फोन, वेगळे फॉर्म. कॅलिफोर्नियात वसुलीची मुदत दहा नव्हे, वीस वर्षं आहे. आणि कुणाचं उपाहारगृह किंवा दुकान असेल आणि थकलेला कर कामगारांच्या पगारातून कापलेला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच जाणत्या माणसाकडे जा. तो पैसा तुमचा नव्हताच असं कायदा मानतो, आणि धंदा बुडाला तरी तो मालकाच्या मागे वैयक्तिक येतो.

तहकुबी कधी उठते? खातं बाजूला ठेवताना उत्पन्नाची एक मर्यादा कोडच्या रूपानं नोंदवलेली असते. पुढच्या एखाद्या विवरणपत्रात तुमचं उत्पन्न त्यावर गेलं की संगणक खातं पुन्हा वसुलीत ढकलतो आणि पत्रं सुरू होतात. नवी नोकरी लागली की पत्राची वाट बघत बसू नका. आपण होऊन हप्त्यांचा प्रस्ताव ठेवला तर बोलणी शांतपणे होतात. उत्पन्न वाढलं पण त्याबरोबर खर्चही वाढला, मुलाच्या उपचारांचा म्हणा, तर माहिती पुन्हा भरून तहकुबी पुन्हा मागता येते.

मध्ये थोडे पैसे हाती आले तर भरावेत का? भरता येतात, आणि स्वेच्छेनं भरलेली रक्कम कोणत्या वर्षाच्या खात्यात घालायची हे तुम्ही लेखी सांगू शकता. सांगितलं नाही तर त्यांच्या सोयीनं घालतात. ज्या वर्षाची मुदत सहा महिन्यांत संपणार आहे त्यात पैसे ओतण्यापेक्षा ताज्या वर्षात घालावेत, असं माझं मत. क्रेडिट कार्डावर काढून तर मुळीच भरू नका. २०२५ च्या दरानं ७ टक्के व्याज आणि वर्षाचा ६ टक्के दंड मिळून १३ होतात. कार्डाचा दर सहसा त्याच्या बराच वर असतो. दंडाची सूटही मागून बघा. मागची तीन वर्षं स्वच्छ असतील तर पहिल्या चुकीचा दंड माफ करण्याची सोय आहे. ही मात्र खरी माफी, तहकुबी नव्हे.

फोनबद्दल एक शेवटची गोष्ट. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. शेकडो तरुण मुलं तिथे बसून अमेरिकेतल्या लोकांना 'आयआरएसमधून बोलतोय, आत्ता पैसे भरा नाहीतर अटक होईल' असं सांगत होती. आपल्याच भागात तयार झालेला हा धंदा आपल्याच लोकांनाही फसवू शकतो, कारण ज्याचा खरोखर कर थकलेला असतो तो सगळ्यात लवकर घाबरतो. थकलेल्या कराबद्दल आयआरएस आधी टपालानं पत्र पाठवते. गिफ्ट कार्डांवर कर घेत नाही. कर न भरल्याबद्दल तासाभरात पोलीस पाठवण्याची धमकी देत नाही. शंका आली तर फोन ठेवा आणि आपल्या ऑनलाइन खात्यात आकडा बघा. तिथल्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये ५३० हा कोड दिसला तर तहकुबी नोंदलेली आहे.

पैसे नसताना मदत विकत घ्यावी लागू नये म्हणून देशभर 'लो इन्कम टॅक्सपेअर क्लिनिक' आहेत, बरीचशी विद्यापीठांच्या कायदा विभागांत. दारिद्र्यरेषेच्या अडीच पटींच्या आत उत्पन्न असणाऱ्यांचं काम ती फुकट किंवा नाममात्र पैशांत करतात. कागद अडकला, जप्ती सुटत नाही आणि घरात औषधाला पैसे नाहीत, अशा वेळी 'टॅक्सपेअर ॲडव्होकेट सर्व्हिस'कडे फॉर्म ९११नं दाद मागता येते. आपल्या माणसांना तिथे जायची लाज वाटते. लाज वाटून ज्याच्याकडे जातात तो कुणाचा तरी मेहुणा असतो आणि त्याला ४३३-एफ माहीत नसतो.

बोलणं झालं की फोनवरच्या माणसाचं नाव, बॅज क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून घ्या. प्रत्येक वर्षाची सीएसईडी त्याला विचारा. विचारलं तर सांगतात. तहकुबीचं पत्र आलं की एक जाड फाइल करा. पत्र, ४३३-एफची प्रत आणि दरवर्षी येणारी सीपी ७१ तिच्यात लावा. आणि फाइलच्या बाहेरच्या बाजूला, न उघडता दिसतील अशा ठळक अक्षरांत, सीएसईडीच्या तारखा लिहून ठेवा.